आठही दिवे

केबलच्या टोकाचा पारदर्शक प्लग दीक्षाने खिडकीच्या उजेडात धरला. आत नखाएवढ्या जागेत आठ तारा. नारिंगीशेजारी नारिंगी, हिरवीशेजारी हिरवी, निळीशेजारी निळी, तपकिरीशेजारी तपकिरी. जोड्या अगदी नीट लावलेल्या. हिरवीची जोडी फोडून मध्ये निळी बसायला हवी होती.

"टेस्टर लाव ना," मागून कचरू म्हणाले. "बसवली तेव्हा मीच बघितलं होतं."

तिने लावला. एक ते आठ, दिवे क्रमाने लागत गेले.

"बघ. आठही लागले."

ते लागणारच. दोन्ही टोकांना तीच चूक असली की टेस्टरला ती कळत नाही. फोनच्या तारांना हा क्रम चालतो. नेटवर्कवर गर्दी वाढली की केबल अडखळू लागते. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढून कचरू निवृत्त झाले, लेकीच्या, म्हणजे दीक्षाच्या, केबलच्या धंद्यात आले, तिच्याकडून नवा क्रम शिकले. नऊ वर्षं एकदाही चुकले नाहीत. या मार्चपासून त्यांची बोटं जुन्या क्रमाकडे परतली होती. ते जेवायला गेले की दीक्षा त्यांची टोकं कापून पुन्हा बसवायची. ही केबल राहून गेली होती.

दारात अस्मिता उभी होती. बिबवेवाडीतल्या या छोट्या हॉस्पिटलचा कारभार ती बघायची.

"मागच्या खेपेला उंदीर होते, त्याआधी व्होल्टेज. आज काय, ग्रहण?"

दीक्षाने टेस्टर बंद केला.

काल दुपारी लॅबमधून हिंमतराव या पेशंटच्या रक्ताचा रिपोर्ट आयसीयूच्या स्क्रीनवर यायला चाळीस मिनिटं लागली. लॅबचा फोनही याच केबलवर. पोटॅशियम धोक्याच्या पातळीच्या बरंच वर गेलं होतं. रिपोर्ट उघडला तेव्हा मॉनिटर बंद केलेला होता आणि खाटेभोवतीचा पडदा ओढलेला होता.

अस्मिताने कागद पुढे केला. 'बिघाडाचे कारण' यापुढची ओळ कोरी होती.

"उंदीरच लिहा हवं तर," ती हलक्या आवाजात म्हणाली. "माझी हरकत नाही. खाली त्यांचा मुलगा बसलाय. त्याला काहीतरी सांगावं लागेल."

दीक्षाने पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

खाली फरशीवर कचरूंनी नवी केबल सोलायला घेतली होती. तारा सरळ करून ते बोटांनी एकेक शेजारी लावत होते. नारिंगी, नारिंगी. हिरवी, हिरवी. हात जराही थरथरत नव्हता.

"पाच मिनिटं, मॅडम," मान वर न करता ते म्हणाले. "आमच्या हातची जोडणी कधी दगा देत नाही."

दीक्षा त्यांच्यासमोर उकिडवी बसली. प्लग दाबायची पकड त्यांच्यापुढून अलगद उचलून घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

"उंदीर नव्हते, मॅडम," ती म्हणाली. "मागच्या वेळीही नव्हते. मला माहीत होतं."

कचरूंनी वर पाहिलं. चिमटीत निळी तार तशीच होती.

"बाबा, उद्यापासून तुम्ही कामावर यायचं नाही."