सहावी जमेची बाजू

"आणि पडत्या बाजू?" मावशीनं विचारलं.

जेवणाच्या टेबलावर तिनं दुसऱ्या दिवशीचं सामान मांडलं होतं. गॉज, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, सलाइनच्या बाटल्या. एकेका पेशंटची पिशवी ती वेगळी भरत होती. मी नव्या फोनच्या नोंदींची वही धरून उभी होते. इतकं महत्त्वाचं वाचन काही बसून करण्यासारखं नव्हतं.

"दोनच. एक, जड आहे. दोन, पाठ इतकी गुळगुळीत की हातातून निसटतो."

"म्हणजे आमच्या हेडसिस्टरच. जड, आणि कामाला धरायला गेलं की निसटणार."

"मावशी, नीट ऐक ना! पडत्या दोन, जमेच्या सहा. सहा!"

फोन बाजारात येऊन आठवडाच झाला होता. फार महाग नाही, अगदी स्वस्तही नाही, असा मधला. मी त्याच्यावरचे अकरा व्हिडिओ बघितले होते आणि दोन दुकानांतल्या विक्रेत्यांना प्रश्न विचारून विचारून जेरीस आणलं होतं. गेल्या वर्षापर्यंत वर्गात उत्तर देताना माझा आवाज फुटत नसे. यंदा मात्र गणिताच्या बाईंनीही फोन घेण्याआधी मला विचारलं होतं, त्यामुळे मी हवेतच होते. मी खणखणीत आवाजात वाचलं. बॅटरी दोन दिवस पुरते. उन्हात स्क्रीन दिसते. पाणी उडालं तरी बिघडत नाही. आवाज मोठा. कॅमेरा झकास. आणि सहावी बाजू, खाली दोन रेघा मारलेली: फोटो प्रत्यक्षापेक्षा छान येतात.

"घेऊ या," मावशी म्हणाली. "मला काय, डॉक्टरांना दिसलं म्हणजे झालं."

मावशी आमच्याकडेच राहते. घरोघरी जाऊन ड्रेसिंग करणारी नर्स आहे ती. एका नर्सिंग ब्युरोकडून कामं येतात, आणि स्कूटरवरून ती दिवसाला पाच घरं करते. त्यातलं एक घर टेलरआजोबांचं. त्यांना साखरेचा आजार. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली होती आणि ती भरतच नव्हती. डॉक्टर दूरच्या इस्पितळात, महिन्यातून एकदाच तपासणार. बाकी सगळं फोटोवर. दर तिसऱ्या दिवशी मावशी जखमेचा फोटो पाठवायची. "उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय," असं म्हणायची, पण पाठवायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या महिन्यात जखम भरली तर ठीक, नाहीतर बोटं काढावी लागतील. आणि उजवा पाय म्हणजे आजोबांचा शिलाई मशीनचा पाय. सून मोटर बसवा म्हणून मागे लागली होती. आजोबा म्हणायचे, "मोटरला लगाम नसतो. कापड पायाला कळतं."

मावशीच्या जुन्या फोनवरचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले होते, "सिस्टर, ही जखम आहे की चिखल?" म्हणून हा नवा फोन.

तो आला त्या दिवशी सगळं मीच लावून दिलं. पहिला फोटो अर्थातच माझा. आणि मी किंचाळलेच. "मावशी, पुटकुळी गायब!" चार दिवस हनुवटीवर ठाण मांडून बसलेली ती लालबुंद पुटकुळी फोटोत नव्हतीच. 'तजेला' नावाची सोय होती ती. कायम चालू ठेवायची का, असं फोननं विचारलं. मी हो म्हटलं.

"तू काय केलंस ते मला काही कळलं नाही," मावशी म्हणाली. "पण तू केलंयस ना, मग बरोबरच असेल."

जखमेच्या पहिल्याच फोटोवर डॉक्टरांनी शाबासकी दिली. आता कसं स्पष्ट दिसतंय, म्हणाले, आणि छान भरतेय. मावशी त्या संध्याकाळी गुणगुणत घरी आली. टेलरआजोबांनी नव्या फोनचं माप घेतलं होतं म्हणे. गळ्यातली टेप लावून, एखाद्या नवरदेवाचं घ्यावं तसं. "निसटतो ना? मग पिशवी शिवतो त्याला. अस्तर लावून."

दुसऱ्या आठवड्यात मात्र ती गप्प गप्प घरी आली.

"काय झालं गं?"

"आज कडेला गरम लागलं." ती आपल्या हाताकडे बघत होती. जखम उघडली की तिची एक रीत असते. आधी उलटा हात कडेच्या कातडीवर ठेवायचा. तळहात काम करून करून राठ झालेला असतो, त्याच्यावर भरवसा नाही, असं ती म्हणते.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं की. ते म्हणाले, फोटोत लालीचा मागमूस नाही. उलट आता तिसऱ्याऐवजी पाचव्या दिवशी ड्रेसिंग बदला, म्हणाले." तिनं हात उलटून पालटून बघितला. "सव्वीस वर्षं झाली. हातही म्हातारा होत असेल."

आणि मी, घरची फोनतज्ज्ञ, काय बोलावं? "मावशी, फोनला पन्नास मेगापिक्सेल आहेत. तुझ्या हाताला किती आहेत?"

ती हसली. मनापासून हसली. ते हसू मला आजही आठवतं.

पाचवा दिवस रविवारी आला. आजोबांची सून बाहेरगावी गेली होती, पाय धरायला कुणी नव्हतं, म्हणून मावशी मला घेऊन गेली. आजोबा मशीनशेजारच्या खुर्चीत बसले होते. गुडघ्यावर निळं कापड, तोंडात दोन टाचण्या.

"ये पोरी. तुझ्या फोनचा झगा चाललाय. एक बाजू झाली," ते टाचण्यांच्या मधून म्हणाले.

मावशीनं पट्टी सोडली. आधी वास आला. मग मी बघितलं. जखमेभोवती लाल कडं होतं, अगदी भडक. ते पार शेजारच्या बोटापर्यंत चढलं होतं आणि त्या बोटाच्या टोकाशी कातडी काळपट पडली होती. मावशीचा उलटा हात तिथे गेला आणि तिथेच थांबला.

"फोटो घे," ती हळूच म्हणाली.

मी फोन धरला. स्क्रीनवर पाय होता. तोच पाय, तीच खुर्ची, पण लाल कडं नव्हतं. मी खाली बघितलं, आहे. वर बघितलं, नाही. काळपट टोकसुद्धा उजळून सावलीसारखं दिसत होतं. माझ्या हनुवटीवरची पुटकुळी गेली होती ना, अगदी तशी ती लाली गेली होती.

मी 'तजेला' बंद केला, दुसरा फोटो काढला आणि दोन्ही मावशीपुढे धरले. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त फोन घेतला आणि नंबर लावला.

"डॉक्टर, फोटो बघू नका. मी सांगते ते ऐका."

पाय वाचला. दोन बोटं गेली, अंगठा आणि शेजारचं.

ब्युरोनं चौकशी लावली. ती संपेपर्यंत घरी जाऊन ड्रेसिंग करणं बंद, आणि लेखी खुलासा हवा. त्याच टेबलावर मावशी कोरा कागद घेऊन बसली.

"फोननं केलं असं लिही," मी म्हटलं.

"आणि चौकशीला फोन जाणार का, टाय लावून?"

"मग माझं नाव लिही. सेटिंग मी केलं होतं."

"तुझं नाव त्यांच्या रजिस्टरात नाही, बये. पाय माझ्या हातात होता."

तिनं तीनच वाक्यं लिहिली. माझ्या हाताला जखमेभोवती उष्णता जाणवली होती. फोटो वेगळं दाखवत होता. मी फोटो मानला. खाली सही. मी माझी वही काढली, सहावी बाजू खोडली आणि पडत्या बाजूंमध्ये, 'जड' आणि 'निसटतो' यांच्या खाली लिहायला घेतली. पण तिथे ती इतकी किरकोळ दिसायला लागली की मी वही मिटली.

दीड महिन्यानं ब्युरोनं तिला परत कामावर घेतलं, दर आठवड्याला हेडसिस्टरनं काम तपासायचं या अटीवर. पहिल्याच दिवशी मी तिच्याबरोबर गेले. सांगायचं होतं म्हणून.

मशीनचा आवाज जिन्यातच ऐकू आला. खट, खटखट, थांबून पुन्हा खट. आजोबा डाव्या पायानं पॅडल मारत होते.

"या सिस्टर. मधे दुसऱ्या बाई येत होत्या. हात हलका, पण तोंडाला कुलूप. जीव आंबून गेला."

"आजोबा," मी म्हटलं. आवाज फुटत नव्हता, गेल्या वर्षीसारखाच. "फोनचं ते सेटिंग मी केलं होतं. मावशीला माहीतच नव्हतं."

मशीन थांबलं. त्यांनी चाकावर हात ठेवला. मग खण उघडून निळी पिशवी काढली.

"घालून बघ. बसतो का?"

फोन बरोबर बसला. मी पिशवी उलटसुलट करून बघितली. एका बाजूची शिवण सरळ होती, आखल्यासारखी. दुसऱ्या बाजूची निघाली होती सरळच, पण वाटेत दोनदा डगमगली होती आणि शेवटी कशीबशी कोपऱ्याला पोचली होती.

"उसवून परत घालणार होतो," आजोबा म्हणाले. "राहू दे म्हटलं."

मावशीनं पिशवी माझ्या हातातून घेतली, नाडी ओढली आणि खिडकीत ठेवून दिली. मग खाली बसली, पट्टी सोडली आणि उलटा हात त्यांच्या पायावर ठेवला.

"गरम नाही," ती म्हणाली.

मी वहीत लिहून घेतलं.