वूफर पुन्हा जळला

"पुन्हा जळला, मास्तर!"

टॅक्सीवाल्याने डिकी उघडली आणि करपल्याचा उग्र वास आमच्या गाडी-स्पीकरच्या दुकानभर पसरला. मी गल्ला सोडून बाहेर आले.

"तूच आवाज रेटला असशील," आमचे हे म्हणाले.

"आईशप्पथ नाही! तुम्ही लावून दिलं तिथून हातसुद्धा लावला नाही. आणि अ‍ॅम्प्लिफायर तर छोटा आहे. छोट्याने वूफर कसा जळेल?"

"अरे, छोट्यानेच जळतो!" ह्यांना चेव आला. कुणी हा प्रश्न विचारायचाच अवकाश. "वूफर दांडगा, अ‍ॅम्प अशक्त. मग आपण गेनचा स्क्रू पिळून, जोर वाढवून त्याला पळवतो. दम संपला की आवाज फाटतो, आणि फाटक्या आवाजाने वूफरची कॉइल तापते. फाटायच्या आत थांबायचं. त्याला कान लागतो."

तो कान ह्यांचा. बाकीच्या दुकानांत आवाज तपासायचे मीटर कधीच आले. आमच्याकडे "मीटरला काय कळतंय, कपाळ!" असं म्हणून हे डोळे मिटणार, डावा तळहात वूफरवर ठेवणार आणि उजव्या हाताने स्क्रूड्रायव्हर फिरवणार. गिऱ्हाइकं लांबून यायची ती त्याच कानासाठी. आमचं पोट त्याच्यावर.

अलीकडे मात्र दारावरची बेल वाजते आणि हे खुशाल पेपर वाचत बसतात. ट्रकची घरघर ऐकू येते, बारीक आवाज नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, "तू आधी तोंडातल्या तोंडात बोलायचं सोड." मी! माझा आवाज अख्ख्या गल्लीला पाठ आहे.

ह्यांनी नवा वूफर बसवला, गाणं लावलं, डोळे मिटले. गेन चढू लागला. दणका छातीत बसत होता. मग त्या दणक्यावर एक खरखर उमटली, पत्र्यावर वाळू घासावी तशी. ह्यांचा हात थांबेना. चेहऱ्यावर हसू.

"बघ, कसा गोल आवाज आहे!"

टॅक्सीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले असते तर ह्यांची अब्रू राहिली असती, आठवडाभर.

"अहो, थांबा."

ऐकू गेलं नाही. मी त्यांचा हात धरला. त्यांनी डोळे उघडले, माझं तोंड पाहिलं आणि हसू मावळलं.

"फाटतोय?"

मी मान हलवली. हे टॅक्सीवाल्याकडे वळले. "मागच्या वेळी पण?"

तो बिचारा खाली बघू लागला. "खरखर येत होती, मास्तर. पण म्हटलं, तुम्ही लावलंय म्हणजे बरोबरच असणार. माझाच कान कच्चा."

हे पुन्हा डिकीत वाकले. स्क्रूड्रायव्हर उलटा फिरवू लागले, माझ्या चेहऱ्याकडे बघत.

"आता?"

"अजून."

"आता?"

"बास."

मग डिकी स्वतः लावून म्हणाले, "पुढच्या खेपेला समोरच्या दुकानात जा. पोरगा बरा आहे. मीटर आहे त्याच्याकडे."

"असं नका बोलू, मास्तर. मी इथेच येणार."

"काय?"

त्याने तेच पुन्हा सांगितलं, ओरडून, एकेक शब्द सुटा करून. दुकानात ह्यांच्याशी असं आजवर कुणी बोललं नव्हतं. हे हात पुसत, मान डोलवत ऐकत राहिले.