टाकी काळी का पडली

"पापडाच्या वेळी विटाळ पाहतोच ना आपण, मंग इथं काहून नाही?" कौसल्या पोतं झटकता झटकता पुटपुटली. शेजारच्या सोनीबाईला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. दारातल्या प्रेरणालाही ते ऐकू गेलंच.

बोरी अरबच्या बचत गटाची टाकी काळी पडली होती. टाकीत गुळाचं पाणी असतं, त्यात बुरशी सोडतात. सहा दिवसांत ती डिंकासारखा बुळबुळीत पदार्थ तयार करते. तो गाळून सुकवला की पारदर्शक पापुद्रे होतात आणि औषधाच्या कॅप्सूल करायला जातात. डिंक फिका गुलाबी हवा. या खेपेला दोनशे लिटर डांबर निघालं.

अमरावतीला शिकून आलेल्या, गटाच्या नोंदी ठेवणाऱ्या निशिगंधानं वहीवर बोट ठेवलं. "मंगळवारी लाइन गेली, थंड पाणी फिरणं थांबलं. छत्तीस डिग्री. ही बुरशी तापली की काळी पडते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावणं वेगळं, पटणं वेगळं.

दुसऱ्या दिवसापासून प्रेरणाला टाकीच्या खोलीऐवजी अंगणात गूळ फोडायला बसवलं. कारण कोणी सांगितलं नाही. टाकीला हात लावणाऱ्या बायांत चोवीस वर्षांची तीच. बाकीच्या पन्नाशीपार, म्हणजे त्या भानगडीतून सुटलेल्या, असं सगळ्यांनी धरलेलं. गटाच्या अध्यक्षा विमलताई तर दोन वर्षांपासून "मी मोकळी आता" म्हणत पापडाच्या पोळपाटाला सगळ्यांच्या आधी बसायच्या.

टाकी चालवायचं प्रेरणा सहा महिने शिकली होती. शनिवारी कंपनीचा माणूस येणार होता. गट जिचं नाव देईल तिला तो टाकी चालवायच्या कामावर कायमचं लावणार होता. गूळ फोडणारीचं नाव कोण देतं?

शनिवारी सकाळी विमलताईंनी कागद काढला. "सोनीबाईचं लिहू?"

"मले ते आकडे दिसत नाहीत बाप्पा," सोनीबाई म्हणाली. "प्रेरणाले दिसतात."

"अन् टाकीले पुन्हा काही झालं म्हणजे?" कौसल्या म्हणाली.

"कायच्यानं होईल, काकू?" प्रेरणा आत आली. हातात गूळ फोडायचा बत्ता तसाच. "बोला ना. पाच दिवसांपासून मी वाटच पाहून राह्यली."

कौसल्यानं पंख्याकडे पाहिलं. सोनीबाईनं पदर सारखा केला, तो सारखाच होता. निशिगंधा वही चाळत राहिली. याचा रकाना तीत नव्हता.

विमलताईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग कागदावर प्रेरणाचं नाव लिहिलं, आडनावासकट, आणि मान वर न करता म्हणाल्या,

"लाइन गेली त्या मंगळवारी पाळी मले आलती. गुळाचं पाणी मीच ओतलं. मागच्या खेपेले चांगला गुलाबी डिंक निघाला ना, तवाही मलेच आलती. तवाही मीच ओतलं. बंद नाही झाली माही अजून."