ओढ्याचा पुदिना

स्थानिक नाव: ओढ्याचा पुदिना.
पुण्याहून संशोधनासाठी मढला आलेल्या श्रेयाने छापील फॉर्मवर हे लिहिलं तेव्हा मेंढरं राखणारी सुंदरा हसली. "नाव कसलं आलंय त्येला. वढ्याला येतो म्हनून वढ्याचा."

आढळ: पाण्याच्या कडेला, एकाच वळणावर. सुंदराने स्वतः नेऊन दाखवला.

वापर: एका मेंढीचं पिल्लू मेलं आणि दुसरं कोकरू आईवेगळं झालं, की हा पाला लागतो. परकं कोकरू मेंढी वासावरून ओळखते, ढुशी मारते. मग मूठभर पाला चुरगळून कोकराच्या पाठीला आणि मेंढीच्या नाकपुड्यांना चोळायचा. त्या उग्र वासापुढे तिला आपलं-परकं कळत नाही. संध्याकाळपर्यंत ती पाजते.

नमुना: दोन पोती. मजूर लावून, मुळासकट.
"परत फुटंल ना, बाई?" सुंदराच्या नवऱ्याने, बहिरूने विचारलं.
"फुटेल की, काका." श्रेया फोनमध्ये बघत होती.

घटक: प्युलेगॉन, मेंथोन, आणखी सतरा. पंधरा दिवसांनी तिने ही यादी वाचून दाखवली आणि सुंदराच्या हातावर छोटी बाटली ठेवली. "दोन पोत्यांचा अर्क आहे, मावशी. तुमच्याच ओढ्याचा. आठवण म्हणून."

मात्रा:

(ही जागा आठवडाभर कोरी होती.)

सोमवारी एका मेंढीचं पिल्लू मेलं. मंगळवारी दुसरी मेंढीच मेली, मागे दोन दिवसांचं कोकरू. दुधाच्या बाटलीच्या बोंडाला ते तोंड लावेना. पिल्लू मेलेल्या मेंढीने घेतलं नाही, तर ते सकाळ बघणार नव्हतं. बहिरू ओढ्यावर जाऊन आला. नुसता चिखल.

सुंदराने अर्काची बाटली उघडली. पाला मूठभर, म्हणून तेलही मूठभर.

प्रतिसाद: मेंढीने कोकरू हुंगलं. ढुशी मारली नाही. चाटायला लागली.
"घेतलं गं, घेतलं!" बहिरू ओरडला.
थोड्या वेळाने कोकराचे पाय ताठले, तोंडाला फेस आला. मेंढी चाटतच होती.

बुधवारी श्रेया फॉर्मवर सही घ्यायला आली.
"अहो, थेंबभर घ्यायचं असतं, तेही पातळ करून."
"तुमी सांगितलं न्हाई."
"आठवण म्हणून दिलं होतं, मावशी. वापरायला कुठे दिलं?"

बहिरू मेलेलं कोकरू उचलायला वाकला. मेंढीने त्याला धडक दिली आणि कोकराच्या तोंडाशी कास नेऊन पुन्हा उभी राहिली. दूध आपोआप ठिबकत होतं.

"तिचं नाक धुवा ना," श्रेया म्हणाली.
"तीनदा धुतलंय. वास जात न्हाई. ती त्येला जित्तं समजती."

श्रेयाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "कधीपासून अशी उभी आहे?"
"काल दुपारपास्नं."

परिणामाचा कालावधी: बावीस तास.

तिने पेन उचललं, मेंढीकडे एकदा नीट पाहिलं, आणि पुढे लिहिलं: अद्याप चालू.