खोगीर खांद्यावर घेतलेला माणूस

अमेरिकेत, नेब्रास्कातल्या वाळूटेकड्यांत मार्च महिना म्हणजे गाई विण्याचा हंगाम. नेमका तेव्हाच एका बिथरलेल्या गाईनं ऑरिनचा गुडघा मोडला आणि सगळ्या कळपाचं बाळंतपण त्याच्या थोरल्या बहिणीच्या, लिओटाच्या, एकटीच्या अंगावर पडलं. ऑरिन सोफ्यावर पाय लांब करून दिवसभर जुने काउबॉय पिक्चर बघायचा. त्या गोळीबारानं लिओटाचं डोकं उठायचं.

"यांच्या गाई कधी वितात का रे?" ती विचारायची. "की नुसत्या बंदुकाच झाडतात?"

"पिक्चर आहे तो, लिओटा. शेण बघायला कोण येईल?"

त्या दुपारी ती बर्फात गारठलेलं वासरू उचलून घरात आली. शेगडीपुढे फतकल मारून, त्याला मांडीवर घेऊन टॉवेलनं खसाखसा पुसायला लागली. एकदा बसल्यावर उठायचं त्राण तिच्यात उरलं नाही. समोर टीव्ही चालूच होता.

पिक्चर काळापांढरा होता. नट ओळखीचे नव्हते. भावाच्या खुन्याच्या मागावर निघालेला एक माणूस माळावरून चालला होता. घोडा लंगडा झालेला, म्हणून खोगीर त्याच्याच खांद्यावर. तो चालायचा, थांबायचा, खोगीर या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचा आणि पुन्हा चालायला लागायचा.

"कसला रटाळ!" ऑरिननं रिमोट उचलला. "अर्धा तास झाला, नुसता चालतोय."

"राहू दे."

"काय?"

"राहू दे म्हणते ना!"

तो माणूस ओढ्याकाठी बसून बूट काढायला लागला. तो निघता निघेना. शेवटी पाय मोकळा झाला, तेव्हा तो नुसताच पायाकडे बघत राहिला. लिओटाचा हात वासराच्या पाठीवर थबकला. इतका दमलेला माणूस तिनं पडद्यावर कधी पाहिला नव्हता.

शेवटी त्याला खुन्याचं खोपटं सापडलं. खुनी तापानं फणफणला होता. आता गोळी सुटणार म्हणून ऑरिन उठून बसला. पण त्या माणसानं खोगीर खाली ठेवलं, आजाऱ्याला पाणी पाजलं, आणि खुर्चीत टेकला तो बसल्या बसल्याच झोपला. पिक्चर संपला.

"संपला? मग मारलं की नाही त्याला?" ऑरिन वैतागून म्हणाला. "झोपला काय लेकाचा!"

"दमला होता रे तो," लिओटा म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता.

ऑरिननं टीव्ही बंद केला. बराच वेळ तो बहिणीकडे बघत राहिला, तिच्या भेगाळलेल्या हातांकडे, शेगडीच्या उबेनं मिटत चाललेल्या डोळ्यांकडे.

"वासरू इकडे दे," तो म्हणाला. "गुडघा मोडलाय, हात नाहीत मोडले."

"सोफा घाण होईल."

"होऊ दे. तू जरा पड. आणि ऐक, शेजारच्या डेल्बर्टला फोन करतो मी. आठवडाभर मदतीला ये म्हणतो."

"त्याच्या गाई नाही का वीत?"

"तीन मुलगे आहेत त्याच्याकडे. एक पाठवील."

एरवी ती नको म्हणाली असती. आज तिनं मुकाट्यानं वासरू त्याच्या पोटाशी ठेवलं. मग तिथेच जमिनीवर, कोट अंगावर तसाच ठेवून, ती आडवी झाली.

"नाव काय होतं रे त्या पिक्चरचं?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

"कुणास ठाऊक. बघतो पेपरात."

ते ऐकायला ती जागी नव्हती.