सातापुढचं टिंब

त्याने घराचा मेन स्विच खाली पाडला आणि पंखा गरगरत थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला.

“झालं सुरू,” खोक्यांच्या गराड्यात बसलेली बायको म्हणाली. “अजून चहाचं पातेलं सापडलं नाही आणि यांची तपासणी.”

“भाड्याच्या घरात पहिला चहा मीटर बघितल्यावर. नियम आहे.”

नियम त्याचाच होता. एकतीस वर्षं वीज कंपनीत घरोघरचे मीटर वाचून तो निवृत्त झाला होता. लोक त्याला मीटरकाकाच म्हणत. सकाळपासून त्याने गॅसच्या जोडणीचा अर्ज भरला होता, पाण्याच्या मीटरचा आकडा घरमालकाला कळवून पोच घेतली होती, आणि दोन इंटरनेटवाल्यांना एकमेकांचे भाव ऐकवून शेवटी तिसऱ्याकडूनच जोडणी ठरवली होती. अर्जातल्या प्रत्येक आकड्यापुढे तो ठसठशीत टिंब देई, म्हणजे मागाहून कोणाला आणखी एखादा आकडा चिकटवता येऊ नये. बायको त्या टिंबांना तीट म्हणायची.

टॉर्च घेऊन तो जिन्याखालच्या मीटरच्या फळीपाशी गेला. घरात वीज वापरली जात असली की मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो. मेन पाडला की तो विझायला हवा. सात नंबर, म्हणजे त्याच्या घराचा मीटर, खुशाल लुकलुकत होता. शेजारचा आठ नंबर गप्प होता.

“अस्सं,” तो म्हणाला. त्याला बरंच वाटलं. निवृत्तीनंतर कोणी त्याला असं कोडं घातलं नव्हतं.

आठ नंबरचं दार सत्तरीच्या शिंपीणबाईंनी उघडलं. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. आत खिडकीशी पायाने चालवायचं मशीन होतं, त्यावर एक दिवा. भिंतीवरच्या प्रत्येक बटणाखाली कागदाची चिठ्ठी होती: ‘बंद केलं का?’

“मुलाने लावल्यात,” त्याची नजर बघून बाई म्हणाल्या. “चार वर्षं झाली, बिल भरमसाट येतं. मी सगळं चालू ठेवते आणि विसरते, असं त्याचं म्हणणं. रविवारी टेम्पो घेऊन येतोय, मला त्याच्याकडे न्यायला.”

“तुम्हाला जायचंय?”

“माझी गिऱ्हाइकं इथं, माझं मशीन इथं. जाऊन करू काय?” बाईंनी ओठांतली टाचणी काढून पदराला लावली. “पण भाऊ, माझ्या डोक्याचा भरवसा आता मलाच राहिला नाही. दिवसातून दहादा उठून बटणं चाचपते. बंदच असतात. मग वाटतं, आत्ताच बंद केली असतील आणि तेही विसरले.”

त्याने दोन मिनिटं त्यांचा मेन पाडायची परवानगी मागितली आणि धडधडत जिना उतरला. सात नंबरचा दिवा विझला होता.

आता काही शंका उरली नाही. दोन घरांच्या मीटरांची अदलाबदल झाली होती. बाईंना येणारं बिल सात नंबरच्या घराचं होतं. घरमालकाने सांगितलं होतं, तिथे पूर्वी एक एकटा माणूस राहायचा, तेव्हा कोणाला फरक जाणवला नाही. मग दोन एसी लावणारं कुटुंब आलं आणि चार वर्षं राहून गेल्याच आठवड्यात गेलं.

“कुठल्या गाढवाने हे नंबर…” तो पुटपुटला आणि त्याने टॉर्च जवळ नेला. मीटर नवे होते, फळी मात्र जुनी. तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने आकडे रंगवलेले होते. सात, आणि पुढे टिंब. आठ, आणि पुढे टिंब.

तो पायरीवर बसला. बावीस वर्षांपूर्वी हा भाग त्याच्याकडे होता, आणि फळ्यांवर घरांचे नंबर रंगवायचं कामही. शेकडो जिने पालथे घातलेल्या माणसाला हा एक जिना ओळखू आला नव्हता. त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं, निम्मी दारं बंद होती. प्रत्येक घराचा मेन पाडून बघायचं सोडून त्याने ओळीने आकडे टाकले आणि घर गाठलं. पुढे नवे मीटर बसवणाऱ्यांनी त्या आकड्यांवर विश्वास ठेवला. एकतीस वर्षांत आपला एक आकडा चुकला नाही, असं निरोपाच्या भाषणात त्याने छाती फुगवून सांगितलं होतं.

बायको शोधत खाली आली. त्याने टॉर्च फळीवर धरला. तिने टिंबं बघितली आणि तिला सगळं कळलं.

“पुसून टाका की,” ती हळूच म्हणाली. “कोणाला कळतंय?”

“त्यांना कळायला हवं,” तो म्हणाला आणि उठला.

बाई दारातच उभ्या होत्या. त्याने सरळ सांगून टाकलं.

“ताई, ती बिलं तुमची नव्हतीच. आमच्या सात नंबरची वीज तुमच्या नावावर चढत होती. खालचे आकडे मी रंगवलेत. चूक माझी आहे.”

चार शब्द ऐकून घ्यायची त्याने तयारी ठेवली होती. ते आले असते तर त्याला हलकंच वाटलं असतं.

“म्हणजे मी विसरत नव्हते?”

“नाही. एकदाही नाही.”

“नक्की?”

“लिहून देतो.”

त्यांच्या कापड बेतायच्या टेबलावर बसून त्याने कंपनीला अर्ज लिहिला. कारण: नंबर टाकणाऱ्याची चूक. खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि सही.

“हे सरळ होईपर्यंत मी कंपनीची पाठ सोडणार नाही,” तो म्हणाला. “तिथलं टेबल न् टेबल मला ओळखतं.”

आवाजात नेहमीची ऐट होती.

बाईंनी अर्ज दोनदा वाचला. मग त्या भिंतीभिंतीने फिरल्या, एकेक चिठ्ठी नखाने सोलून काढली आणि तिच्यावरचं बटण दाबत गेल्या. भर दुपारी घरातले सगळे दिवे लागले. उगाच दिवे कशाला, हे त्याच्या जिभेवर आलेलं वाक्य त्याने गिळलं.

बाईंनी मुलाला फोन लावला.

“रविवारी ये,” त्या म्हणाल्या. “जेवायलाच ये. टेम्पो नको आणूस.”