बाईंचा आकडा

"तुझ्या मशीनला वेड लागलंय," सूक्ष्मदर्शकावरून डोकं न उचलता बाई म्हणाल्या. "या दिवसांत हवेत पाइन? कुठून आलं?"

मी पडद्याकडे पाहिलं. मी बसवलेलं इन्फ्रारेड यंत्र छातीठोकपणे सांगत होतं, की कालच्या हवेत पाइनचे परागकण खच्चून भरले होते.

बाई एकतीस वर्षं परागकण मोजत होत्या. गच्चीवरच्या सापळ्यातली चिकट पट्टी रोज सकाळी उतरवायची, एकेक कण ओळखायचा आणि दहाच्या आत आकडा मुलांच्या रुग्णालयाला कळवायचा. दम्याच्या मुलांना त्या दिवशी बागेत न्यायचं की नाही, हे तिथल्या सिस्टर त्यावरून ठरवत. इतक्या वर्षांत एकही आकडा मागे घ्यावा लागला नव्हता. हे बाई नव्या माणसाला चहाच्या आधी सांगत.

"बाई, मशीन आकार बघत नाही," मी समजावू लागलो. "कणातली चरबी, प्रथिनं, वरचं कवच, सगळी इन्फ्रारेड प्रकाश आपापल्या परीने शोषतात. त्यावरून झाड कळतं."

"ते असू दे. मशीनच्या चकतीला कण चिकटवायला काय लावतोस?"

"तुम्ही पट्टीला लावता तेच. व्हॅसलीन."

"मग ते कोण मोजतंय?"

नुसतं व्हॅसलीन लावलेली कोरी चकती यंत्रात घातली. उत्तर आलं: पाइन. व्हॅसलीनचा तेलकटपणाच ते पाइन म्हणून मोजत होतं. बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"नवी सून आहे रे. सांभाळून घ्यायला हवं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक पत्र्याचा डबा आणला. आत कागदाच्या शेकडो पुड्या. प्रत्येकीत त्यांनी स्वतः झाडाखाली उभं राहून झटकलेले परागकण, वर झाडाचं नाव आणि तारीख. "हे शिकव हिला," म्हणाल्या. पुढचा महिनाभर शेजारी बसून त्यांनी एकेक पुडी मला उलगडून दिली. हे यंत्र आपल्याच खुर्चीवर बसणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या जागी मी असतो तर डबा माळ्यावरून काढलाही नसता.

मग गवताचा मोसम आला. एका सकाळी बाईंनी साडेनऊलाच आकडा कळवून टाकला: गवत, बावीस. थोड्या वेळाने यंत्राचा आकडा आला, नव्वद. मी आधी कोरी चकती तपासली. ती कोरीच निघाली. नमुना पुन्हा दोनदा घातला, तरी नव्वदच.

"तोंड का पाडून बसलायस?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. स्टुलावरून उठल्या आणि म्हणाल्या, "तू बघ बरं. ही मधली ओळ."

मी पाहिलं. फिकट, जवळजवळ पारदर्शक गोल कण. मोजले, अकरा भरले.

"मला तिथं तीन दिसले," बाई म्हणाल्या. "वर्ष झालं. डोळ्यांवर धुकं असल्यासारखं वाटतं. गडद कण दिसतात, म्हणून म्हटलं चालेल."

मी घाईने म्हणालो, "बाई, मशीनच्या नावाने नवा आकडा पाठवू. सकाळचा आकडाही मशीनचाच होता, ते बिघडलं होतं म्हणून सांगू. कोण विचारतंय?"

"आणि उद्यापासून मशीनवर कोण विश्वास ठेवेल?" त्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या. साडेदहाला मुलं बागेत जात. सव्वादहा वाजून गेले होते. त्यांनी फोन ओढला.

"सिस्टर, सकाळचा आकडा खोडा. गवत नव्वद आहे. हो, नव्वद. निघाली का मुलं? मग आधी आत घ्या त्यांना, बाकीचं नंतर."

पलीकडून सिस्टरांनी काहीतरी विचारलं.

"नाही, नाही. मशीन बरोबर आहे. माझं चुकलं. मला दिसलं नाही." आवाज जराही हलला नाही. "वहीत लिहायचंय? लिहा ना. माझंच नाव लिहा."

मी स्टूल पुढे सरकवलं. त्यांनी हातानेच नको म्हटलं आणि फोन कानाशी धरून तशाच उभ्या राहिल्या, सिस्टर मुलं मोजून येईपर्यंत.